बाबा, तुमचा भोंगा आज ग्रामसभेत वाजला

प्रिय बाबा,

जय भीम.

तुमच्या हातात कुठलंही पत्र आलं की तुम्ही आधी जावक क्रमांक बघायचात. याला जावक क्रमांक नाही, शोधू नका. आज दुपारी ग्रामसभा झाली आणि तिथे मी तुमचा भोंगा वाजवला. हे तुम्हाला दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगावं, म्हणून घरी येऊन हातपायही न धुता लिहायला बसलेय.

टीव्हीवर गेल्या आठवड्यापासून परत तेच सुरू झालंय. करोनाचे पेशंट थोडे वाढले म्हणे. लगेच चार माणसं चार चौकटींत बसून भांडायला मोकळी! एक म्हणतो, मागच्या वेळी तुमच्या राज्य सरकारनं आकडे लपवले. दुसरा म्हणतो, तुमच्या दिल्लीनं लस वेळेवर पाठवली नाही. आई टीव्हीचा आवाज बंद करते आणि त्यांची नुसती हलणारी तोंडं बघत बसते. म्हणते, "आता बरं समजते मले."

आपल्या गावात हेच भांडण पाराजवळ व्हायचं, आठवतं? सरपंच विनायकभाऊ राज्याच्या सरकारकडून, बंडूभाऊ दिल्लीच्या सरकारकडून. गमाछे तोंडाला बांधून दोघं असे तावातावानं बोलायचे, की गमाछा नाकाखाली कधी घसरला ते त्यांनाच कळायचं नाही. तुम्हाला एक गंमत सांगते. आता दोघं एकाच पक्षात आहेत! एकाच गाडीतून उतरतात. तेव्हा कोण खरं बोलत होतं, हा प्रश्न आता दोघांनाही नको झालाय.

आणि मधल्या मधे तुम्ही. गावचे कोतवाल. सायकलच्या कॅरियरला बॅटरी, हँडलला भोंगा.

डफडं आपल्या घरात नव्हतंच. छप्पनच्या दीक्षेनंतर आज्यानं ते विहिरीत टाकलं आणि गावाला सांगितलं, दवंडी देईन, पण वाजवणार नाही. पुढची सगळी वर्षं आजा नुसत्या गळ्यावर दवंडी देत राहिला. तुम्ही त्याला भोंगा जोडलात. पण त्या वर्षी तुमच्या भोंग्याची काय दशा केली हो वरच्यांनी! आज सांगायचं, दुकानं सकाळी सात ते अकरा. उद्या सांगायचं, सगळं बंद. लग्नाला आधी पन्नास माणसं, मग पंचवीस. लोक तुमच्यावरच धावून यायचे.

"काहून रे कोतवाल, काल तं उघडं ठेवा म्हटलं होतं!"

"मी नुसता भोंगा आहो भाऊ," तुम्ही म्हणायचात. "बोलणारं तोंड वर हाय."

ते वाक्य मला फार आवडायचं. पण एक दिवस तुम्हीच ते मोडलंत. दशरथकाकांच्या घरी तिघंजण आजारी पडले तेव्हा विनायकभाऊंनी तुम्हाला बोलावून बजावलं, "कोतवाल, पेशंटचं काई बोलू नका. गावाच्या रस्त्याले बांबू लागतीन, तुरीच्या गाड्या अडतीन." बाहेर येता येता बंडूभाऊंनी गाठलं, "सांगा गावाले, सरकार झोपलं हाय म्हणून!"

तुम्ही म्हणालात, "सरकार झोपलं का जागं हाय, मले मालूम नाही. दशरथच्या घरी तिघं तापानं फणफणून राह्यले, थे मालूम हाय."

आणि संध्याकाळच्या दवंडीत हुकमाचा कागद वाचून झाल्यावर तुम्ही स्वतःचं एक वाक्य जोडलंत. कोणी लिहून दिलेलं नव्हतं, कुणाची सही नव्हती. "ऐका हो! दुखणं गावात आलं हाय. ताप अंगावर काढू नका, घरात लपवू नका."

झालं! गावातून तक्रार गेली, वरून नोटीस निघाली. वरच्या ऑफिसातल्या नोटिसा गावात वाटायचं काम तुमचंच, म्हणून तुमची नोटीसही तुम्हीच घेऊन आलात. ओट्यावर बसून वाचलीत, पोचपावतीवर सही केलीत आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नेऊन दिलीत. आई हसली होती त्यावर. मी नाही हसले.

बाबा, आता जे लिहितेय ते मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी तुम्हाला काय म्हटलं ते तुम्हाला आठवतच असेल. "कायले नसत्या भानगडीत पडता? नोकरी जाईन न. तुम्ही बोंबलल्यानं पेशंट कमी होनार हायेत का? गप राहा!"

तुम्ही गप राहिलात. तीन दिवस भोंगा काढला नाहीत. सरपंचांना घाबरला नव्हतात तुम्ही, नोटिशीलाही नाही. माझ्या बोलण्यानं घाबरलात.

त्या तीन दिवसांत गोदामाय गेल्या. विनायकभाऊंच्या आई. अख्ख्या गल्लीत तुम्हाला ओट्यावर न बसवता घरात बसवून चहा देणारी ती एकटी. त्यांना ताप आहे हे तुम्हाला माहीत होतं, कारण घरोघरी कागद वाटताना तुम्ही त्यांचं कण्हणं ऐकलं होतं. घरी येऊन तुम्ही मला म्हणाला होतात, "गोदामायच्या दारासमोर भोंगा थांबवाव का?" आणि मी म्हटलं होतं, नको.

चौथ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे न बघता सायकल काढलीत. मग कुणाच्या बापाचं ऐकलं नाहीत.

पण तुमच्यावरही माझा राग आहे हं! गावाला ओरडून सांगितलंत ताप अंगावर काढू नका, आणि स्वतः? तापाच्या तिसऱ्या दिवसापर्यंत म्हणत होतात, "उन्हाचं हाय वो माय, कांदा ठेवला न खिशात." कांदा! लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. त्या दुखण्याला कुठला कांदा पुरतो? दवाखान्यात नेताना गाडी नेरच्या स्टँडजवळ पोचली आणि तुम्ही मागच्या सीटवर माझ्या मांडीवर गेलात. करोनाची तपासणी झालीच नाही. कागदावर कारण लिहिलं गेलं, "श्वास बंद पडल्यामुळे." श्वास बंद पडून तर सगळेच मरतात, बाबा! शर्ट धुवायला काढला तेव्हा कांदा खिशातच होता. आईनं तो टाकला नाही, परसात लावला.

आता आजचं सांगते.

तुमची जागा रिकामी होती. भरती निघाली, मी परीक्षा दिली आणि लागले. कागदावर आता आम्हाला वेगळं नाव दिलंय, पण गाव मला कोतवालीणच म्हणतं. तर ग्रामसभेची दवंडी मीच दिली. विषय क्रमांक एक नळयोजना, दोन घरकुलं, तीन शाळेची भिंत. आणि चार: आदर्श गावाच्या तपासणीला पाहुणे येणार, म्हणून वेशीची कमान रंगवायची आणि तिच्यावर लिहायचं, "करोनाचा एकही बळी न गेलेले गाव".

तुमच्या भोंग्यातून, माझ्या तोंडानं!

पहिल्या चौकात मी ते वाचलं. मारुतीच्या पारापाशी वाचलं. आपल्या विहाराजवळ आले आणि तीन विषय वाचून थांबले. आई दारात उभी होती. ती आत गेली आणि तुमची वही आणून माझ्या पिशवीत टाकली.

ती वही तुम्ही आज्याच्या कोतवाल बुकासारखीच आखली होती. आज्याच्या काळी गावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू कोतवालानं बुकात लिहायचा. अजूनही जातीच्या दाखल्याला लोक त्या बुकाची नक्कल शोधत फिरतात. आता ते काम आपल्याकडे नाही, पण तुमचा हात थांबला नव्हता. नाव, वय, कारण, खबर देणाऱ्याचे नाव. तुम्ही म्हणायचात, "आपल्या बुकात मानूस दोनदाच येते. जलमला तव्हा अन् मेला तव्हा. दोन्ही येळेस खरं लिहा लागते."

त्या उन्हाळ्याची अकरा नावं आहेत वहीत.

सभेत विषय चार निघाला. ग्रामसेवकांनी वाचला, हात वर करायला सांगितलं. मी उठले आणि लिंबाखाली लावलेली सायकल आत आणली. विनायकभाऊ म्हणाले, "अवं सुजाता, भोंगा कायले? इथं सगळ्यायले आयकू येते."

"नाही येत भाऊ," मी म्हटलं. "म्हणून तं आनला."

आणि वाचायला लागले. दशरथ, वय पंचेचाळीस, ताप व दम. त्यांची बायको मागे बसली होती, ती डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. दुसरं नाव वाचलं तसे बंडूभाऊ ओरडले, "हे राजकारण हाय! विरोधकायनं शिकवून पाठवली इले!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "राजकारण तुमचं होतं भाऊ. तेव्हा तुम्हीच म्हणत होते, सरकारनं मानसं मारली. आता म्हणता, कोणी मेलंच नाही. मंग माहा बाप काय गावाले गेला हाय का?"

कोणीतरी हसलं. एक माणूस रागानं उठून निघून गेला, त्याच्या भावाचं नाव वहीत पाचवं आहे. बाकीचे बसून राहिले. मी वाचत गेले.

आठवं नाव गोदामायचं. तिथे तुम्ही कारणाचा रकाना कोरा सोडलाय. अकरांतला तेवढाच एक. इतकी वर्षं मला वाटायचं, सरपंचांच्या भिडेपोटी सोडला असेल. आज तिथे उभी राहिल्यावर कळलं. तुम्ही कुणाला भ्याला नव्हतात. तिथे ताप लिहायचा, तर आपण गप बसलो होतो हेही तुम्हाला लिहावं लागलं असतं, आणि का गप बसलो, तेही. माझं नाव येऊ नये म्हणून तुम्ही तो कोरा ठेवलात ना?

मी भोंगा खाली ठेवला आणि साध्या आवाजात सांगितलं. "विनायकभाऊ, बाबा गोदामायच्या दारासमोर थांबनार होते. मी थांबू देल्लं नाही. नोकरी जाईन म्हणून मीच त्यायले गप बसवलं होतं. तुमचं जेवढं चुकलं, तेवढंच माहं चुकलं. पन मी आता कमानीवर खोटं नाही लिहू देत."

विनायकभाऊ मान खाली घालून टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. वाटलं, आता हाकलतात.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मंदावहिनी उठल्या, विनायकभाऊंच्या घरच्या. गावात त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही. म्हणाल्या, "सासूबाईले ताप होता. पाच दिवस होता. यायनं दार लावून घे म्हटलं, मी दार लावून काढा पाजून राह्यलती." मग सरळ चालत पुढे आल्या, माझ्या हातातला पेन घेतला आणि तुमच्या वहीत कोऱ्या रकान्यात लिहिलं: ताप. शाळा सोडून किती वर्षं झाली असतील त्यांना! इतका जोर देऊन लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय.

विनायकभाऊंनी तो रकाना पाहिला. मग ग्रामसेवकांना म्हणाले, "चार नंबरचा विषय काढून टाका." आणि चष्मा पुसत बसले. मला त्यांची दया आली, बाबा. राग जायला मात्र वेळ लागेल, ते मी लपवत नाही.

कमानीवर आता नुसतं सुस्वागतम लिहिणार आहेत. मला एवढं पुरे आहे.

एक काम राहिलं होतं. अकराव्या नावाखालची ओळ तुमची. ती लिहायला मी इतकी वर्षं धजले नव्हते, कारण तुमच्या तीन दिवसांच्या गप्प बसण्याचा जाब मला स्वतःलाच द्यावा लागला असता. आज तो चारचौघांत देऊन आलेय.

ही बघा, लिहिली. तुमचं नाव. वय अठ्ठावन्न. काम कोतवाली. कारण: करोना. कुणाला हरकत असेल त्यानं माझ्यावर नोटीस काढावी. आणायला मीच जाईन आणि पोचपावतीवर सहीही करीन!

आणि एक शब्द देते. दुखणं परत आलं, वर परत भांडण लागलं, सकाळी एक हुकूम आणि संध्याकाळी दुसरा आला, तर दोन्ही वाचीन. पण त्याच्याखाली तुमचं वाक्य जोडल्याशिवाय भोंगा बंद करणार नाही. सरपंचानं गप राहा म्हटलं तरी नाही, आणि उद्या माझ्याच लेकीनं म्हटलं तरी नाही.

शेवटचा रकाना तुम्ही नेहमी स्वतः भरायचात, "खबर देणार: कोतवाल". तो आज मी भरलाय. तिथे लिहिलंय तेच इथेही लिहिते.

खबर देणारी,
तुमची मुलगी सुजाता,
कोतवाल