शवपेटीवर बसलेल्या बहिणीस

मी, रुबिएला पिएद्राईता, वय चव्वेचाळीस, धंदा मक्याच्या भाकऱ्या विकण्याचा, राहणार आंगोस्तुरा, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र करते आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बाकीचे लोक हे वाक्य रीत म्हणून लिहितात, मला मात्र घाई आहे.

डॉक्टर ज्याला अल्झायमर म्हणतात, त्याला आमच्या डोंगरात बोबेरा म्हणतात, म्हणजे खुळेपणा. कुणी म्हणे झाडाला हात लावल्याने होतो, कुणी म्हणे पाद्र्याचा शाप. आता कळलंय की तो रक्तातून येतो, आणि विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधीच डोक्यात शिरलेला असतो. बाबांना होता. मलाही लागलाय. परवा पिठात दोनदा मीठ पडलं आणि गिऱ्हाइकांनी दयेपोटी खाल्लं.

एक. दगडी जातं, तवा आणि दुकानाची जागा माझी मुलगी मारिसेल हिला. तिच्या रक्तात हा रोग आहे की नाही, ते तिला हवं तेव्हाच तिने विचारावं, नको असेल तर विचारू नये. कुणी मागे लागू नये. पोरी, मी तुला ओळखेनाशी झाले की "सांग बघू, मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नकोस. नाव सांग आणि गरम काहीतरी खायला दे.

दोन. माझा मेंदू मेदेयीन शहरातल्या संशोधकांना. त्यांच्या नव्या औषधाची सुई मी वर्षानुवर्षं टोचून घेतली. उपयोग झाला नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. मी रडले, नर्सही रडली. पण पुढचं औषध शोधायला त्यांना आमचीच डोकी लागणार. मेंदू काही तासांतच काढावा लागतो. चेहऱ्याला काही होत नाही, शवपेटी उघडी ठेवता येते.

तीन. घर माझी थोरली बहीण ओतिलिया हिला. बाबांनीही मेंदू द्यायचा शब्द दिला होता. ते गेले तेव्हा संशोधकांची गाडी दारात आली, तर ही बया पेटीच्या झाकणावर जाऊन बसली. "माझा बाप देवासमोर अर्ध्या डोक्याने उभा राहणार नाही." गाडी रिकामी गेली. मी तिच्याशी कित्येक वर्षं धड बोलले नाही. पण बाबांना न्हाऊ घालणारी, त्यांचे फटके खाणारी तीच होती, हेही इथे लिहिलं पाहिजे.

चार. मी गेल्यावर संशोधकांना फोन ओतिलियानेच करावा. रविवारी तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "मला कशाला गं? मी पेटीवर बसणारी."

"म्हणूनच. तू बसलीस की तुला कोण उठवतंय? या वेळी दारात बस. मामा येतील, काकवा येतील जपमाळा घेऊन. गाडी येईपर्यंत एकालाही आत सोडू नकोस."

ती माझ्या पिठातलं मीठ चाखून बघत बसली.

वारस असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती बाहेर बाकावर बसली आहे. हे सगळं तिला दारातून वाचून दाखवल्यावर तिने एवढंच विचारलं, "फोन लगेच करू, की आधी तुझे डोळे मिटू?"

आधी डोळे मिट. तसंच करण्यात यावं.

वरचं सारं माझंच बोलणं आहे. उद्या मी वेगळं काही बोलले, तर ते धरू नये.

सही: रुबिएला पिएद्राईता
साक्षीदार: एवेलियो चावार्रीआ, शेजारी
साक्षीदार: नुबिया तोबोन, नर्स
आंगोस्तुरा, ९ ऑगस्ट २०२३