अठरा अवजारं, एक माटोळी

३ ऑगस्ट, रविवार
ठरलं. यंदा गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची माटोळी माझी. रानात शिरून फळं, वेली, सुपारीचे घोस मीच आणणार. तीस वर्षं हे काम माझा थोरला भाऊ, दत्ताराम दादा, करतो. दादा आता एकसष्टचा. रानात पाय अडकला तर वाचवणार कोण? जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. दादा म्हणाला, बरें, कोयतो घेवन वच. कोयत्याचा जमाना गेला, मी मल्टीटूल घेतोय, असं सांगितलं. सगळे खाली बघून भात कालवू लागले. इम्प्रेस झाले असावेत.

९ ऑगस्ट
रिसर्च जोरात. एकवीस व्हिडिओ झाले, सगळे ऑफिसात. एका गोऱ्या माणसाने असल्या चाकूने बर्फात झोपडी बांधली. आमच्या गोव्यातल्या नार्व्यात बर्फ नाही, म्हणजे आणखी सोपं. हवंय ते असं: लॉक होणारं पातं, एका हाताने उघडणारं. करवत. सीटबेल्ट कापायचा हुक. काच फोडायचं टोक. शिट्टी. सुमंगलेने विचारलं, यातल्या कशाने नारळ सोलायचा? बायकोला टेक्निकल गोष्टी हळूहळू सांगाव्या लागतात.

११ ऑगस्ट
बारा अवजारांचा की अठरा? अठरा! रंगात दोन दिवस गेले. शेवटी केशरी. रानात पडला तर लगेच दिसावा. इतका पुढचा विचार किती जण करतात?

१६ ऑगस्ट, दुपारी १२.००
आला!!
१२.४० : जाड प्लास्टिकमध्ये सीलबंद. उघडायला चाकू लागतो. चाकू आत.
१२.४५ : सुमंगला खोबरं खवत होती. तिने पाकीट आदोळीच्या, आमच्या विळीच्या, पात्यावर धरून फाडलं. टीमवर्क.

१७ ऑगस्ट
सराव. एका हाताने उघडतो, पण तो हात माझा नसावा. अंगठ्याला पट्टी. शिट्टी उत्तम, वाड्यावरच्या घरांतली पाच कुत्री हजर. सीटबेल्टचा हुक आमच्याच गाडीवर तपासला. एका सेकंदात बेल्टाचे दोन तुकडे! आनंदाने उडीच मारली. मग लक्षात आलं. मुलीला, सेजलला, सांगितलं की बेल्ट जुनाच झाला होता.

२५ ऑगस्ट
गाडी गॅरेजात, म्हणून दादाच्या स्कूटरवरून रानात. दादा फक्त ड्रायव्हर. एक वेल करवतीने वीस मिनिटांत कापली. एकदम सरळ काप. तेवढ्यात दादाने अर्धं पोतं भरलं. मग काटेरी जाळीत पाय अडकला. माझाच. रेस्क्यूची वेळ! चाकू काढला आणि तो हातातून सुटला. खाली दादाने तोडून टाकलेल्या कवंडळ फळांचा ढीग. सगळी पिकलेली. सगळी केशरी. शिट्टी चाकूलाच. शेवटी तोंडाने हाक मारली. दादाने कोयत्याने जाळी तोडली. चाकू खिशात आहे, असं मी कोणी न विचारताच सांगून टाकलं.

२६ ऑगस्ट
ऑफिसचं काम सांगून गुपचूप रानात. तीन तास. केशरी दिसेल ते उचललं. चार कवंडळं मिळाली. घरी आलो तर माटोळी बांधून वर टांगलेली. दादाने विचारलं, चाकूचो उपयोग जालो? म्हटलं, भरपूर.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
गणपती बसला. आरतीला टाळ वाजवताना वर पाहिलं. कवंडळांच्या घोसात माझा चाकू! केवणीच्या झाडाच्या सालीने पक्का बांधलेला. माटोळीला आता विसर्जनापर्यंत हात लावायचा नाही. आधी का नाही सांगितलंस, म्हटलं, तर दादा म्हणतो, तुवें विचारलें खंय? शेजारच्या हर्षाकाकीने विचारलं, हें कसलें फळ? दादाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आमच्या यशवंताचें, पयल्याच वर्साचें. दुपारपर्यंत अख्खा वाडा बघून गेला. लाज वाटली. पण माटोळीत उठून दिसतो तोच. रंगाचा निर्णय बरोबर होता.

२८ ऑगस्ट
विसर्जन झालं. माटोळी उतरवली. केवणीची गाठ सुटेना. कापायला चाकू हवा. चाकू गाठीत. दादाने कोयता माझ्या हातात दिला. चार सेकंद. रेस्क्यू यशस्वी. दादा म्हणाला, कोयतो तुजेकडेच ऱ्हांव, फुडल्या वर्सा तूंच हाड माटोळी. पुढच्या वर्षीही आणायची मीच! कोयत्याचं पातं सदऱ्याला दोनदा पुसलं. इथे लिहायला हरकत नाही.

काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, कोयता कुठल्या कंपनीचा? म्हणाला, बाबांचो.

तरी जेवल्यावर दात कोरायची काडी चाकूचीच वापरली. ती कोयत्याला नसते.