खोली वाढवायला हरकत नाही

४ फेब्रुवारी
पोचलो. शेवटचे दोन तास पायी, सामान खेचरावर. डावा गुडघा बोंबलतोय.
माझी ही सातवी शाळा. संस्थेचा नकाशा तोच — दोन खोल्या, एक व्हरांडा. गावं बदलतात, मी आपला टेप उलगडत जातो. इथल्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं — टेपवाले! ठीक आहे. याहून वाईट नावं ठेवून घेतली आहेत.

६ फेब्रुवारी
शाळा सध्या गोठ्यात भरते. एक बाई, चार इयत्ता, चार कोपरे. बाईंनी चहा दिला आणि पहिल्या घोटालाच विषय काढला — "तिसरी खोली हवी." नियम असा की वेगळी खोली असेल तरच पाचवी मंजूर. यंदा चौथीत चार मुली. पुढची शाळा नदीपलीकडे. मुलगे जातात, मुलींना कोणी पाठवत नाही. नऊ वर्षं मागतायत बाई. म्हटलं, मी काय, नुसता बांधतो. "मग बांधा ना!"
बाई ऐकणाऱ्यातल्या नाहीत.

९ फेब्रुवारी
गवंडी कामाला चोख, बोलायला कंजूष. चौथीतल्या चारांपैकी एक त्याची मुलगी. दुपारी त्याचा डबा घेऊन येते आणि माझ्या टेपवरचे आकडे मोठ्याने वाचत बसते. आज मी अडीच फूट म्हटलं. "दोन फूट सात इंच," म्हणाली. बरोबर होतं तिचं. राग आला — थोडा.
चौथी झाली की तिला मामाकडे पाठवणार, मामीचं बाळ सांभाळायला. गवंड्यानेच सांगितलं, हातातल्या थापीकडे बघत. मी टेप गुंडाळला. सहा शाळा बांधून झाल्यावर माणूस असल्या गोष्टींत पडत नाही.

१३ फेब्रुवारी
पाया खणताना माती भुसभुशीत लागली. नकाशातले तीन फूट पुरणार नाहीत. ऑफिसला चिठ्ठी लिहिली — खोली वाढवू का? बाई शेजारी उभ्याच! त्यांच्या समाधानासाठी खाली एक ओळ टाकली: गावाची तिसऱ्या खोलीचीही मागणी आहे. खेचरवाला चिठ्ठी घेऊन गेला.

२१ फेब्रुवारी
उत्तर आलं. साहेबांच्या अक्षरात, एवढंच — 'खोली वाढवायला हरकत नाही. काम थांबवू नका.'
बाईंचं घर वाटेत, म्हणून खेचरवाल्याने चिठ्ठी आधी त्यांना दिली. त्यांनी ती गोठ्यात मोठ्याने वाचली. मी पोचेपर्यंत अर्धं गाव कुदळी घेऊन हजर! तिसऱ्या खोलीचा चर मागच्या बाजूला गुडघाभर खणूनसुद्धा झालेला. गवंड्याची मुलगी खुंट्यांना दोरी बांधत होती. गवंडी हसत होता. त्याचे दात आज पहिल्यांदा पाहिले.

२२ फेब्रुवारी
थांबवलं. समजावून सांगितलं — खोली म्हणजे पायाची, किती खाली जायचं ती. मी खोलीचं विचारलं, उत्तर खोलीचं आलं. "आम्हीपण खोलीचंच विचारलं होतं की," बाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही.
"परत विचारून बघा. टेकडीवर फोन लागतो." टेकडी म्हणजे तासाभराचा चढ, आणि हा गुडघा. आणि खरं सांगायचं तर — साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तीस वर्षं या धंद्यात काढून आता त्यांना विचारू, की खोली म्हणजे काय?
नाही गेलो. चर बुजवा म्हटलं. गवंडी फावडं उचलून मागे गेला.

२७ फेब्रुवारी
अजून बुजवतोच आहे! रोज संध्याकाळी काम सुटलं की दोघातिघांना घेऊन मागे जातो. एवढासा चर बुजवायला इतके दिवस? विचारलं तर म्हणतो, "नीट बुजवलेला बरा. कोणाचा पाय मुरगळायचा." कोण नादी लागणार! मी इकडे पाया दीड फूट आणखी खाली नेण्यात बुडालोय.

१२ मार्च
भिंती खिडक्यांपर्यंत आल्या. बाई बोलत नाहीत. चहा बंद.

४ एप्रिल
छप्पर चढलं. भिंती ओळंब्यात, दारं सफाईदार. माझ्या सातांत हीच देखणी. गवंड्याला तसं सांगितलं. "हं," म्हणाला.
चौथीचा निकाल लागला. चारही मुली पास. त्याची पहिली आली.

७ एप्रिल
आज ती मामाकडे गेली. निघताना माझ्याकडे आली — "एकदा टेप द्या ना. शाळा मोजते." दिला. दोन्ही खोल्या मोजल्या, व्हरांडा मोजला, मग मागच्या मोकळ्या जागेत गेली आणि तिथेही मोजत बसली. म्हटलं, अगं, तिथे काय आहे मोजायला? "काही नाही." टेप नीट गुंडाळून परत दिला आणि खेचरामागून चालायला लागली. गवंडी वळणापर्यंत गेला. परत आला आणि चुना कालवायला बसला.
वाईट वाटलं. फार वाटलं. रात्रीचं जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल
साहेबांचं पत्र.
'पाया किती खाली न्यायचा हे जागेवर तुम्हीच ठरवायचं, ते आम्हाला काय विचारायचं? तिसऱ्या खोलीचं मात्र देणगीदारांना कधीच कळवून टाकलंय. पाचवीची मंजुरीही त्यावरच मिळाली. त्या खोलीचे फोटो अजून का आले नाहीत?'
तीनदा वाचलं. एका शब्दाचा मी इतका कीस पाडला, आणि अख्खं गाव बरोबर होतं! मी चुकलो. गुडघ्याचं नुसतं निमित्त, नडला तो ताठा.
पत्र बाईंना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत केलं. "पोर गेली ना पण," म्हणाल्या.

२० एप्रिल
गवंड्याला म्हटलं, चूक माझी, पुन्हा चर खणू या. तो फावडं घेऊन मागे गेला आणि वीतभर माती ओढली. खाली दगड! घट्ट सांधलेले, चारी बाजूंनी, कोपरे काटकोनात. "बुजवा म्हणालात," तो म्हणाला, "कशाने ते कुठे सांगितलंत?" एक कोपरा उकरून दाखवला. टेप सोडला — साडेचार फूट. खोलीची खोलीसुद्धा वाढवली होती त्याने.
म्हटलं, मुलीला आणायला निघा. "मग भिंत कोण धरणार?" बरोबर आहे. तो भिंत धरेल. मामाचं गाव पाच तासांवर, सगळा चढ. पहाटे मी निघतोय. टेप बरोबर घेतलाय.