नावाखालची ओळ

मंगळवार, संध्याकाळ

आज नवऱ्याच्या, निखिलच्या कामाच्या खोलीचं दार मी न वाजवता उघडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तो घरूनच कंपनीचं काम करतो. मित्रांशी बोलायच्या ॲपमध्ये त्याच्या नावाखाली ओळ येते, ‘कोड लिहीत आहे’. ती दिसली की घरात कोणी त्याला हाक मारत नाही. सासूबाई तर जेवायला वाढायच्या आधी मलाच विचारतात, "बघ गं फोनमध्ये, लिहून राहिला का अजून?"

दुपारी त्यांचा गुडघा फार दुखत होता, डॉक्टरकडे न्यायचं होतं. ओळ दिसत होतीच. तरी गेले.

लॅपटॉप सुरू, आणि निखिल फरशीवर उताणा. डोळे उघडे.

"काय झालं रे?"

"कुछ नहीं. असाच पडलो."

"पण इथे तर लिहून राहिला म्हणून दिसतंय!"

"फाइल उघडी असली की ते आपोआप दिसतं."

आपोआप! मग काल? परवा? कालच ती ओळ बघून मी कौतुकाने म्हटलं होतं, आई, किती मेहनत करतो हा. तेव्हाही असाच पडला होता का? विचारलं नाही. काहून नाही विचारलं मी?

सासूबाईंना ऑटोने मीच नेऊन आणलं. आता दार पुन्हा बंद आहे, ओळ तशीच. दाराबाहेर बसून लिहून राहिले. मघापासून कान देऊन आहे, आतून की-बोर्डचा आवाज नाही.

डायरी ठेवते. आताही दार न वाजवताच उघडणार आहे.