पेम्बाचा कप

सोमवार, ३ मार्च २०२५

नागसेन म्हणतो, आई, हे माइकचं चित्र दाबायचं आणि बोलत सुटायचं, लिहायचं काम फोनचं. शिका शिका म्हणणाऱ्यांच्या घरात अक्षरं न आलेली मी एकटीच उरले होते. आता माझ्या वाटचं हे यंत्रच शाळेत जाऊन आलं. दर रविवारी सून अंजली मला वाचून दाखवणार आहे. म्हणजे सुनेच्या चहाड्या सांगायची सोय नाही, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं.

तर, काल सिंगापूरला उतरले. विमानतळात धबधबा आहे, तोही छपराखाली. नागपुरात नळाची वाट बघत म्हातारी झालेल्या बाईला असलं काही दाखवू नये. घर बुओना व्हिस्टाजवळच्या कॉन्डोत, नवव्या मजल्यावर. नागसेनचं संशोधनाचं ऑफिस इथंच वन-नॉर्थला, अंजलीचं तांजोंग पगारला. दोघंही दिवेलागणीनंतर उगवतात. मैत्रेयी दुपारी शाळेतून येते. आठ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, पण बोलताना तोंडातून इंग्रजी येतं आणि शेवटी एक 'ला' चिकटतो. जेवतेस का म्हटलं, तर म्हणते, कॅन ला. मी म्हटलं, कानाखाली पण कॅन ला. फार हसली.

माझं काम एकच, ही पोरगी. तिला सांभाळायचं, तिला काही होऊ द्यायचं नाही. माझं तिकीट काढलंय तेवढ्यासाठीच.

गुरुवार, ६ मार्च

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक स्विस डॉक्टर राहतात, नाव रेतो. वय माझ्याएवढं, उंची दाराएवढी. उमेदीत हे हिमालयावर मोठमोठ्या मोहिमा घेऊन जायचे. पुढारीही तेच आणि गोळ्या देणारेही तेच. नेपाळात वर्षं काढल्यामुळे मोडकीतोडकी हिंदी येते, मला दीदी म्हणतात. मी येईपर्यंत मैत्रेयी, म्हणजे आमची मैत्री, शाळेतून आली की यांच्याकडेच बसायची. दोराला आठाच्या आकड्याची गाठ मारायला तिला यांनीच शिकवलं.

आज मीही गेले. बाहेर अंगाची लाही, आणि आत एसी इतका की पायाची बोटं आखडली. मी म्हटलं, डॉक्टर, फ्रिजमध्ये भाजी ठेवतात, तुम्ही स्वतःच जाऊन बसलात. हसले नाहीत. म्हणाले, ऊब लागली की झोप येते, आणि झोपेत मी वर जातो. सगळं जग सोडून इथं का राहिलात, असंही विचारलं. म्हणाले, इथं डोंगर नाही. बुकित तिमाची टेकडी आहे, तिच्यावर पोरं चपला घालून चढतात.

चारच्या सुमाराला त्यांनी मैत्रीला फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, टाचेला पंजा लावून. मग नाव विचारलं, मग पाणी प्यायला लावलं. वर हवा विरळ झाली की माणूस आतून ढासळतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. म्हणून रोज चार वाजता सगळ्यांची अशी परीक्षा घ्यायची. रेघ सोडली किंवा नाव अडखळलं, की त्याला खाली धाडायचं. मी पण चालले. नाव विचारल्यावर म्हटलं, सरला, आणि नवऱ्याचं हवं असेल तर उखाण्यात घेते.

खिडकीजवळ एका टेबलावर चहाचा कप होता. वाफाळता, आणि कुणाचाच नाही. वर भिंतीवर फोटो, बर्फात एका दोराला बांधलेली माणसं. शेवटचा बारकेलासा, तो पेम्बा, स्वयंपाकी. रोज पहाटे प्रत्येक तंबूत चहा नेऊन द्यायचा. एका मोहिमेत वरच राहिला. डॉक्टर म्हणाले, दोरावरची जागा रिकामी राहत नाही. कप ठेवला की पेम्बाची जागा पेम्बाचीच राहते.

आमच्या घरात मेलेल्याला वाढणं सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच बंद झालं. भूत नाही, पिंड नाही, कावळा नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या घरात जाऊन भाषण करू नये.

सोमवार, १० मार्च

आज जरा आगाऊपणा झाला. डॉक्टर आतल्या खोलीत मैत्रीसाठी दोर शोधत होते. कप निवत चाललेला. रोज एवढा चांगला चहा मोरीत ओतायचा, हे मला बघवेना. मनात म्हटलं, मेलेल्याला काय करायचाय, आणि प्यायले. साखर इतकी की ओठ चिकटले. तेवढ्यात मैत्री आली, आजीचं बघून तिनंही तळाचा घोट संपवला.

डॉक्टर दारात उभे राहिले ते उभेच. मला वाटलं रागावतील. कप उचलून तळाशी बघितलं आणि हळूच विचारलं, आधी कोण प्यायलं? मी म्हटलं, मी, मोठा मान माझा. मग त्यांनी आम्हा दोघींना रेघेवरून चालायला लावलं. दोघी सरळ चाललो. तरी त्यांनी पुन्हा एकदा चालायला लावलं.

म्हटलं, डॉक्टर, उद्या माझ्या हातचा पाजते, आलं घालून. हिशेब मिटला.

बुधवार, १२ मार्च

रात्रभर गोधडी घेऊन झोपले. अंजली म्हणते, आई, एसी बंद आहे. मी म्हटलं, मग सासू गरम ठेवायचं काही यंत्र आण.

दम लागतो. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जाताना मध्येच टेकावं लागतं, चढण असल्यासारखं. घर तर सपाट आहे. दुपारी खुर्चीजवळच्या स्टुलावर चहा दिसला, वाफाळता. मैत्रीनं केला म्हणून मी कौतुक केलं. ती म्हणाली, नॉट मी ला, आजी.

शुक्रवार, १४ मार्च

अंजलीनं क्लिनिकला नेलं. बोटाला चिमटा लावून रक्तातली हवा मोजली. तरुण डॉक्टरीण होती, तिनं चिमटा बदलून बघितला. पाणी प्या. मग अंजलीला विचारलं, आजी नुकत्याच उंच डोंगरावर जाऊन आल्या का? अंजली म्हणाली, आजी लिफ्टनं नवव्या मजल्यावर गेल्यात तेवढंच. छाती साफ निघाली. हळू चला दीदी. घरी आल्यावर गरम पाण्यात पाय बुडवले, तर दोन बोटांना ऊब कळेचना. काळपट झालीत. उद्यापासून मैत्रीच्या शाळेला सुट्टी लागते, दिवसभर घरात असेल, तेवढीच करमणूक. लहानीला मधे ठेवा. तिला पुरणपोळी करून घालायची आहे, डाळ बघायला हवी.

रविवार, १६ मार्च

अंजली वाचत होती, वाचता वाचता थांबली. म्हणाली, आई, हे मध्येच पाणी प्या, हळू चला, लहानीला मधे ठेवा, असं कुणाला म्हणताय? मी म्हटलं, मी कुठं म्हटलं? तिनं पुन्हा वाचलं. शब्द मराठी, पण माझे नाहीत.

नागसेन म्हणाला, टीव्हीचा आवाज शिरला असेल फोनमध्ये. बरं, म्हटलं. मी बोलत होते तेव्हा टीव्ही बंद होता. पण त्याला काय सांगू? लहानपणी अंधाराला भ्यायचा, तेव्हा मीच हात धरून सगळं घर फिरवून दाखवलं होतं, की बघ, कुणी नसतं.

मंगळवार, १८ मार्च

डॉक्टरांच्या घरात खिडक्या उघड्या. एसी बंद. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला घाम, आणि चेहरा सुटका झालेल्या कैद्याचा. हॉकर सेंटरमधून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून आणलेलं लाल-हिरवं बर्फ चमच्यानं खात होते. बॅगा भरलेल्या. म्हणाले, काल दुपारी झोपलो, दीदी, आणि कुठंच गेलो नाही. आता गावी जातो, डोंगर बघायला.

खिडकीजवळच्या टेबलावर कप नव्हता. मी म्हटलं, ठेवा की. म्हणाले, ठेवला होता. भरलेला तसाच राहिला, थंड. तो आता तुमच्याकडे येतो.

मी म्हटलं, येऊ दे, चांगला चहा करतो. पण पोरीला मधे का घेतो?

त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि दाखवलं. मागच्याची गाठ पुढच्यानंच सोडायची. त्याचा चहा पिणारा त्याच्या दोराला बांधला जातो. मी आधी प्यायले, मी पुढं. मैत्री माझ्या मागं, आणि सगळ्यात शेवटी तो. आमच्या दोघांच्या मधे माझी पोर.

सोडणाऱ्याचं काय होतं, विचारलं. तो चढत राहतो, म्हणाले.

घराची चावी माझ्याकडे ठेवून गेले. सॉरी म्हणाले, ते मात्र इंग्रजीत.

गुरुवार, २० मार्च

मैत्री खाली पोहायला गेली आणि लगेच परत आली. पाणी गरम असतं इथलं. ओठ निळे. मी तिला गोधडीत घेऊन बसले. म्हणाली, आजी, मागून कोणीतरी ओढतंय, जेंटली ला, रागानं नाही.

चार वाजता तिला रेघेवर चालवलं. तिसऱ्या पावलाला भिंतीकडे गेली. स्वतःच हसली. मी पण हसले. मग मोरीत जाऊन—

भूत नाही हे. भुताला काहीतरी हवं असतं. हा बिचारा तर चहा आणून देतो.

लहानी थकली. थोडं वर बरं वाटेल.

शुक्रवार, २१ मार्च

मी आता बोलता बोलता थांबते. त्याला वेळ देते. फोन थरथरतो, काहीतरी लिहितो, आणि मला वाचता येत नाही. पोरीला वाचायला सांगू? नाही. आयुष्यभर अंगठा लावला त्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

उद्या निघू. हवा चांगली आहे.

लिहिलंस? काय लिहिलंस रे?

शनिवार, २२ मार्च

मैत्रीला तिचं नाव विचारलं. मै म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. मग, आजी, व्हॉट कम्स नेक्स्ट?

नागसेन आणि अंजली तिला दवाखान्यात न्यायला टॅक्सी बोलावताहेत. दवाखाना काय करणार, चिमटा लावणार. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी चप्पल घालून येते.

दोर घेतला. चावी घेतली.

डॉक्टरांच्या घरात. फरशी पांढरी. साखर सांडल्यासारखी, पण पाय बुडतो. खिडकीतून ऊन येतंय आणि खाली लोक छत्र्या घेऊन चाललेत, उन्हाच्या. आता मला ऐकू येतं, फोनची गरज—

चहा घ्या दीदी.

ठेव तिथं. मागं बघितलं. दोर माझ्या कमरेपासून गेलाय, दारातून बाहेर, लिफ्टकडे. तिच्याकडे. ओढला तर जड लागतो. माझी पोर लागते हाताला. पेम्बा, तुला एवढा चहा करता येतो, आणि गाठ सोडता येत नाही होय रे. थांब. बोटं काळी झालीत. दातानं—

लहानीला मधे ठेवा.

लहानी कुणी नाही इथं. मी आणि तू. ऐक, मी चढते तुझ्याबरोबर, कुरकूर करणार नाही, करीन थोडी. पण ही गाठ—

सुटली.

खाली कोणीतरी हाक मारली. मैत्रीच. मैत्रेयी, मैत्रेयी नागसेन, पूर्ण नाव सांगतेय आईला, मोठ्यानं. आवाजात ऊब आहे. बरं झालं. रेघेवर चालव म्हणावं तिला, अंजली, रोज चार वाजता, आणि पाणी—

नाव सांगा.

माझं होय. सांगते की. थांब जरा, वारा फार आहे. नवऱ्याचं उखाण्यात घेते म्हटलं होतं ना. माझं तर सोपं आहे, दोनतीन अक्षरं असतील, मला कुठं अक्षरं. पोरीला विचार. नको. तिला विचारू नकोस, तिला काहीच विचारायचं नाही. मी सांगते. माझं नाव—