नुसती टेकवलेली भिंत

भक्तपूर,
९ फाल्गुन, वि. सं. २०७३

चिरंजीव अष्टमान,

अनेक आशीर्वाद. तुझं पोखऱ्याहून आलेलं पत्र पोचलं. सौ. ज्ञानशोभाचे गुडघे आता बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक. पौर्णिमेला गूळ भरून योमऱ्या उकडताना तुझ्या वहिनीने यंदाही तुझ्या वाटच्या दोन जास्त केल्या आणि त्या मलाच संपवाव्या लागल्या.

तू लिहितोस, भूकंपाने पडलेली भेग बुजवून घ्या, म्हणजे माझा अर्धा भाग विकायला मी मोकळा. गिऱ्हाईकही पाहून ठेवलंयस म्हणे. ठीक आहे.

पण ती भेग तू पाहिलेली नाहीस. वर स्वयंपाकघरात आपल्या दोघांमधली भिंत जिथे रस्त्याकडच्या जुन्या भिंतीला भिडते, तिथे ती आहे, आढ्यापासून जमिनीपर्यंत, बोटभर रुंद. तुझ्या खिडकीचं दार भूकंपात निखळलं, तेव्हापासून दुपारी तुझ्या खोलीतलं ऊन भेगेतून इकडे येतं. चुलीपाशी उतरतं, हळूहळू सरकत आईच्या जात्यावर चढतं आणि तिथे विझतं. मी पाट घेऊन बसून राहतो. डोळा लागतो. आई म्हणते, "दोघांनी हात धुवा, मग बसा." मी तुला हाक मारतो आणि तू पलीकडून ओल्या हातांनी येतोस. भिंत कुठेच नसते. मग वहिनी हलवते, "भिंतीशी कसलं बोलताय?"

मागच्या आठवड्यात बेखानारायण गवंड्याने भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली. चौथ्या दिवशी काच तडकली, म्हणजे भिंत अजून सरकते आहे. त्याने हातोडीने ठोकून पाहिलं.

"भूकंप बिचारा उगाच बदनाम. ही भिंत जुन्या भिंतीला धरतच नाही, काका. एक वीट आत घुसवलेली नाही. कुठल्या गाढवाने बांधली?"

"तुझ्या वडिलांनी."

तो खालीच बसला. "बाबा असं काम करणार नाहीत."

नव्हतेच करणार. मी करायला लावलं.

आईच्या तेराव्यानंतर पाचजणांसमोर मीच ओरडलो होतो, याचं तोंड बघायचं नाही, मध्ये भिंत घाला. तू मान खाली घालून हो म्हणालास. त्याच संध्याकाळी मी बेखानारायणच्या वडिलांकडे गेलो आणि म्हणालो, विटा जुन्या भिंतीत गुंतवू नका, नुसत्या टेकवा. राग गेला की काढायला सोपं पडेल. ते म्हणाले, "अहो, एक तर भिंत धड बांधा, नाहीतर भाऊ धड सांभाळा." उद्या-परवा काढू म्हणता म्हणता एकोणीस वर्षं गेली.

राग कशाचा होता तेही सांगतो. शेवटचा घास आईने तुझ्या हातून घेतला. माझ्या हातून तोंड फिरवलं. एवढंच.

बेखानारायण म्हणतो, पावसाळ्याच्या आत विटा आत घुसवून भिंत कायमची पक्की करायची, नाहीतर काढून टाकायची. विटांमध्ये सिमेंट नाही, नुसती पिवळी माती आहे, एका दिवसात निघेल. पण घर दोघांचं, तू आल्याशिवाय तो हात लावणार नाही. विकायचंच असेल तर मी सही करीन, शब्द देतो. फक्त आधी एकदा ये. दुपारी ये, ऊन जात्यावर पोचायच्या आत.

वहिनीने तुझा पाट घासून ठेवलाय.

एकोणीस वर्षं भिंत नुसती टेकवून बसलेला
तुझा दादा,
पूर्णकाजी