न पिणाऱ्याचं लिव्हर

अहो पल्लवीचे बाबा,

जय भीम. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी रोज बोलते, पण कागद घेऊन कधी बसले नाही. आज बसले, कारण काल भर सभेत तुम्हाला दारुडा ठरवलं आणि तुमच्या बाजूनं बोलायला गावातला एक माणूस उठला नाही.

दारूबंदीच्या ठरावाची सभा होती. समोर बायका, कडेला पुरुष. आपल्या बचत गटाच्या शीलाताई बोलत होत्या. "आपला पंपाच्या मोटारी बांधनारा भाऊ आठवा. हातात केवढी कला! पेऊन पेऊन लिव्हर गेलं. बायको-पोरगी उघड्यावर पडल्या. हेच पाह्यजे काय तुमाले?"

बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागल्या. अहो, तुमच्याबद्दल! जयंतीच्या मिरवणुकीत पोरं मागं लागायची, तरी सरबताच्या पुढं न जाणारे तुम्ही!

मी शीलाताईंच्या कानाशी गेले. "ताई, ते पेत नव्हते."

त्यांनी माझा हात दाबला. "मालूम हाये वं मले. पर बायका आयकून रायल्या ना. गेलेल्या मानसाले आता काय फरक पडते?"

खरंच पडत नाही का हो? मला तरी पडतो. जीव जातो माझा.

तुमच्यावरही राग आहे माझा. पाय सुजायचे, चपलेत मावायचे नाहीत, तर "विहिरीवर उभा राहून राहून असं होते" म्हणायचात. पोट वाढलं तर पँट ढिली शिवून घेतली. हसत होतात! दम लागतो हे निदान मला तरी सांगायचं होतं ना?

आणि तो आपला नेहमीचा डॉक्टर! डोळे पिवळे बघितले आणि विचारलं, "किती पिता?" तुम्ही नाही म्हणालात. तो हसला. "सगळेच नाही म्हणतात." वर्षभर लिव्हरचं टॉनिक पाजलं त्यानं, पण छातीला एकदा नळी लावली नाही.

गोंदियाच्या डॉक्टर बाईंनी लावली. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांचं लिव्हर नंतर बघू, आधी हृदय. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" आला होता, तुम्हाला आठवलं. त्या तापानं हृदयाच्या झडपा खराब केल्या होत्या. झडप गळते, रक्त मागं फिरतं, लिव्हरमध्ये तुंबतं.

"म्हंजे पंपावानी फूट व्हॉल्व्ह खराब हाये म्हना ना!" तुम्ही म्हणालात. त्या बाईही हसल्या. किती दिवसांनी तुमच्या तोंडावर उजेड दिसला होता! आजाराचा पत्ता लागला म्हणजे तो दुरुस्त होतो, एवढंच तुम्हाला माहीत होतं.

त्यांनी नागपूरला पाठवलं, तिथं मात्र कोणी हसलं नाही. झडप बदलायची तर आधी लिव्हर किती उरलंय ते पाहावं लागेल, म्हणाले. रोज रक्त काढायचे. कावीळ किती, रक्त गोठतं की नाही, सोनोग्राफीत लिव्हर मऊ आहे की कडक झालंय. लघवी होण्याच्या गोळ्या देऊन अंगातलं पाणी उतरवलं. कावीळ जरा कमी आली की मी दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यासारखी नाचायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढलेली! शेवटी मोठ्या डॉक्टरांनी मला समोर बसवलं. "ऑपरेशन नाही केलं तर हे जातील. केलं तर लिव्हर तो धक्का सोसेल की नाही, सांगता येत नाही. अजून थोडे आधी आले असते, तर..."

त्या 'तर'मध्ये टॉनिकचं अख्खं वर्ष गेलं.

तुम्ही म्हणालात, "करू द्या." झडप छान बसली. हृदय चाललं. लिव्हर नाही चाललं. आणि गावानं दोनच शब्द ऐकले, लिव्हर फेल.

म्हणून काल मी उठले. सगळं सांगितलं. झडप, ताप, टॉनिक, सगळं. म्हटलं, "दारू बंद झालीच पाह्यजे. पर माह्या मानसाचं नाव घेऊन नाही."

मग कडेच्या पुरुषांतून कोणीतरी ओरडला, "आयकलं काय? न पेताही लिव्हर जाते! मंग पेऊनच मरू ना बे!"

केवढे हसले हो सगळे! बायकांचे वर येणारे हात खाली गेले. ठराव पडला. शीलाताई जाताना म्हणाल्या, "तुवा तुह्या नवऱ्याचं नाव वाचवलं, आमचे नवरे बुडवले."

काय करायला पाहिजे होतं मी? सांगा ना! गप्प बसले असते तर तुमचं नाव गेलं असतं, बोलले तर गाव गेलं. रात्रभर वाटत होतं, तुमच्या मागं मीही निघून यावं.

सकाळी टाकीजवळची सुगंधा दारात आली. आत येईना. "माह्या मानसाचं पोट फुगून रायलं, डोळे पिवळे. मी पेलो नाही म्हन्ते. मी मानलंच नाही. जेवाले देनं बंद केलं होतं मी. खरं बोलून रायला असन काय वं?"

मी तिच्या घरी गेले. तो खाटेवर बसून धापा टाकत होता. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमी तरी माना."

माणूस खोटंही बोलत असेल. बोलतात. तोंडाला वास आहे का, ते मी पाहिलं नाही.

शीलाताईंच्या दारात मी पुन्हा जाईन, पुन्हा सभा लावा म्हणेन. हाकललं तरी जाईन. पण त्याच्या आधी, उद्या, अर्जुनीहून पहिल्या गाडीनं मी त्याला गोंदियाला नेते. शब्द देते तुम्हाला. पीत नसला तर नेते, आणि पीत असला तरी नेते.

तुमचीच,
रत्नमाला